चौकट : धोलपूर हाऊसमधला अर्धा तास

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत मुलाखतीला म्हणजेच व्यक्तिमत्त्व चाचणीला २७५ गुण असतात. लेखी परीक्षेचे १७५० धरून एकूण २०२५. मुलाखतीत किमान गुणांची अट नाही, मात्र अंतिम यादीत वरखाली व्हायला हे गुण पुरतात. दिल्लीतल्या शाहजहान रोडवरच्या धोलपूर हाऊसमध्ये मंडळ साधारण अर्धा तास बोलतं. लेखी परीक्षेत किती गुण मिळाले, हे मंडळाला ठाऊक नसतं. ही उलटतपासणी नव्हे, दिशा असलेला सहज संवाद, असं आयोगच म्हणतो.

निम्मी तयारी आपण भरलेल्या सविस्तर अर्जात असते. गाव, जिल्हा, पदवी, नोकरी, छंद : प्रश्न तिथूनच फुटतात. छंद म्हणून ‘गिर्यारोहण’ लिहिलंत, तर कळसूबाईची उंची (१६४६ मीटर) तर यावीच, शिवाय तिथल्या पर्यटनातून पायथ्याच्या बारी गावाला काय मिळतं, हेही सांगता आलं पाहिजे. अर्ज शोभिवंत करण्यासाठी न जोपासलेला छंद लिहू नका. दुसऱ्याच प्रश्नाला पितळ उघडं पडतं.

मुख्य परीक्षा मराठीतून लिहिली असेल, तर मुलाखतही मराठीतून देता येते. दुभाष्याची सोय असते. मराठी मुलं उगाच इंग्रजीचा धसका घेतात, याचं वाईट वाटतं.

उत्तर येत नसेल तर ‘माहीत नाही, सर’ किंवा ‘मॅडम’ एवढं सरळ सांगा. बौद्धिक प्रामाणिकपणा हा आयोगाच्या अधिकृत निकषांपैकीच एक आहे.