किल्ला सकाळी, बिर्याणी दुपारी, बांगड्या संध्याकाळी

चार-सहा मित्रमैत्रिणींनी हैदराबादला जायचं ठरवलं की पहिल्याच बैठकीत गट पडतात. एकाला गोवळकोंडा चढायचा असतो, दुसऱ्याचं सगळं लक्ष बिर्याणीवर असतं, तिसरीकडे घरच्यांनी सांगितलेल्या बांगड्या आणि मोत्यांची यादी असते. मग तडजोड म्हणून प्रत्येकाला अर्धा-अर्धा दिवस वाटून दिला जातो. त्या वाटणीत भर दुपारी किल्ला येतो, बाजार उघडायच्या आत बाजार येतो आणि बिर्याणी रात्री उशिरा, हंडीचा तळ खरवडून वाढलेली मिळते. हैदराबादेत या तिन्ही हौशी एकाच दिवसात एकमेकींना धक्का न लावता पुऱ्या होतात. तिथे प्रत्येक गोष्टीची वेळ शहरानंच ठरवून ठेवलेली आहे. आपण फक्त त्या वेळा ओळीनं लावायच्या.

आधी शहराची मांडणी डोक्यात बसवावी. मुसी नदीच्या दक्षिणेला जुनं शहर: चारमिनार, मक्का मशीद, लाड बाजार, चौमहल्ला, आणि नदीला लागूनच सालारजंग संग्रहालय. नदीच्या उत्तरेला आबिड्स, कोठी, सुलतान बाजार, बेगम बाजार, नामपल्ली. त्याच्या पुढे हुसेनसागर आणि पलीकडे सिकंदराबाद. गोवळकोंडा आणि कुतुबशाही घुमट पश्चिमेला, शहरापासून बरेच अलग. एका दिवसात या चारही टोकांना शिवायचं ठरवलं तर निम्मा दिवस रिक्षात जातो. म्हणून सकाळी एक टोक आणि दुपारनंतर दुसरं, एवढंच धरावं.

उतरायला आबिड्स-नामपल्लीचा भाग मला सगळ्यात सोयीचा वाटतो. नामपल्लीला रेल्वे स्थानक आहे, मेट्रो आहे आणि नदी ओलांडली की जुनं शहर. मेट्रो २०१७च्या नोव्हेंबरात सुरू झाली आणि गटासाठी ती फार कामाची आहे, कारण सहा जणांना दोन रिक्षांमध्ये विभागून एकमेकांना शोधत बसावं लागत नाही. ती अजून चारमिनारपर्यंत जात नाही. महात्मा गांधी बसस्थानकाच्या मेट्रो स्थानकावर उतरायचं आणि तिथून रिक्षा करायची. वाटेतच सालारजंग लागतं.

वारही पाहून ठरवायला हवा. सालारजंग आणि चौमहल्ला दोन्ही शुक्रवारी बंद असतात, आणि त्या दुपारी मक्का मशिदीच्या परिसरात जुम्म्याच्या नमाजाची मोठी गर्दी असते. म्हणून सहलीत शुक्रवार येत असेल तर तो नदीच्या उत्तरेच्या बाजारांना द्यावा. ऋतू म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. रमजानात गेलात तर मात्र वेळापत्रक पार उलटं करावं लागतं: दिवसा आराम आणि रात्री शहर. हलीम खायची ती वेळ. गहू आणि मांस भट्टीवर तासन्‌तास शिजत असतं, लाकडी घोटण्यांनी ते सतत घोटलं जातं, आणि रोजा सुटायच्या वेळेला दुकानांसमोर रांगा लागतात. या हलीमला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. लाड बाजारही त्या दिवसांत रात्रभर जागा असतो.

आता एक साधा दिवस सकाळपासून लावून पाहू.

गोवळकोंड्याला दार उघडतं त्याच वेळेला पोचावं. उन्हापेक्षाही शांततेसाठी. या किल्ल्याची सगळ्यांत मोठी करामत ऐकण्याची आहे, आणि गर्दी वाढली की ती ऐकू येत नाही. प्रवेशाजवळच्या कमानीखाली ठरावीक जागी उभं राहून टाळी वाजवली की ती वरच्या टोकाला, बालाहिसारवर, ऐकू येते. घुमटाच्या आतल्या कोनांवरून आवाज परावर्तित होऊन वर फेकला जातो. खाली पाहुणा आला की शत्रू, हे वरच्या पहाऱ्याला कळवण्याची ही व्यवस्था. एकट्यानं गेलेल्या माणसाला ती नीट अनुभवता येत नाही, कारण वाजवणारा आणि ऐकणारा तोच असतो. गटाला येते. दोघांनी खाली थांबावं, बाकीच्यांनी वर जावं, फोनवर वेळ ठरवावी आणि मग टाळी वाजवावी. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना खालचं काम मिळतं आणि त्यांचीही सहल होते. चढताना भिंतींत बसवलेले मातीचे नळ आणि वेगवेगळ्या टप्प्यांवरची पाण्याची टाकी पाहायला विसरू नये. पाणी एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर चढवत वरच्या महालांपर्यंत नेलं जाई. औरंगजेबाला हा किल्ला घ्यायला १६८७मध्ये आठ महिने वेढा घालून बसावं लागलं, ते का, हे वर उभं राहिल्यावर कळतं.

तिथून जवळच कुतुबशाही घुमट आहेत. एका घराण्यातल्या इतक्या राजांच्या कबरी एकाच बागेत असणं दुर्मीळ आहे. अर्धा-पाऊण तास पुरे. पोटात कावळे ओरडायला लागलेले असतात.

दुपारचं जेवण म्हणजे बिर्याणी, आणि ती दुपारीच खावी असं मी आग्रहानं म्हणेन. हैदराबादी बिर्याणी कच्ची असते, म्हणजे मांस आधी शिजवून घेत नाहीत. दही, आलं-लसूण, कच्ची पपई, तळलेला कांदा, मिरची, पुदिना, गरम मसाला यांत मुरवलेलं कच्चं मटण हंडीच्या तळाशी जातं. त्यावर अर्धवट उकडलेला तांदूळ, वर केशराचं दूध आणि तूप. झाकण कणकेनं लिंपून बंद करतात आणि हंडी दमावर ठेवतात. सगळी परीक्षा इथे आहे: मटण मऊ होईपर्यंत वरचा भात शिजावा पण फुटू नये. आत काय चाललंय ते झाकण उघडून बघता येत नाही, म्हणून आचाऱ्याला वेळ आणि वास यांवर भिस्त ठेवावी लागते. दुपारी हंडी नुकतीच उघडलेली असते, वाफ धरून असते, भाताचा दाणा सुटा असतो. तासन्‌तास उघडी राहिलेली हंडी हळूहळू कोरडी पडते.

वाढणारा हंडीत उभा थर कापून काढतो, म्हणून एकाच ताटलीत पांढरा भात, केशरी भात आणि तळाचा मसाला तिन्ही येतात. ते सगळं कालवू नये. एक घास वरचा, एक तळाचा, मध्ये मिरचीचा सालन, असं खावं. ताटं मोठी असतात. सहा जणांनी आधी चारच मागवावीत. जुन्या शहरात मदिना चौकाजवळ शादाब, बशीरबागेत कॅफे बहार, सिकंदराबादेत १९५३पासूनचं पॅराडाइज ही नावं तुम्हाला सगळेच सांगतील. शेवटी खुबानी का मीठा घ्यावा. सुके जर्दाळू भिजवून शिजवतात आणि वर साय किंवा मलई घालतात.

शाकाहारी मंडळींनी हिरमुसायचं कारण नाही. बगारा बैंगन आणि मिरची का सालन यांच्या रश्शात शेंगदाणे, तीळ, खोबरं आणि चिंच असते. मराठवाड्यातल्या माणसाला पहिल्या घासातच घरची ओळख पटते. पटायलाच हवी. १९५६पर्यंत औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे जिल्हे हैदराबाद राज्यातच होते. आमच्या आधीच्या पिढ्यांना कोर्टकचेरी, कॉलेज आणि लग्नाचा बस्ता या तिन्हींसाठी हैदराबादच गाठावं लागे. केशवराव कोरटकरांसारख्यांनी तिथे मराठी शिक्षणासाठी उभं केलेलं विवेकवर्धिनीचं काम आजही कोठीजवळ चालू आहे.

सालारजंग संग्रहालय गोवळकोंड्याच्या दिवशी कोंबू नये, दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवावं. बाराच्या आत तिथल्या संगीत घड्याळासमोर जागा धरावी. दर तासाला दाढीवाला एक छोटा माणूस दार उघडून बाहेर येतो आणि जितके वाजले असतील तितके टोल देऊन आत जातो. बारा वाजता टोलही बारा, म्हणून तेव्हा सगळे पाहुणे आपापली दालनं सोडून तिथे जमतात. मला मात्र तिथली बेन्झोनीची ‘बुरख्यातली रेबेका’ जास्त धरून ठेवते. संगमरवर तोच, दगड तोच, आणि तरी चेहऱ्यावरचं वस्त्र झिरझिरीत, ओलसर, त्यातून नाकाची रेघ दिसणारी. जवळ जाऊन वस्त्राची कड कुठे संपते आणि गाल कुठे सुरू होतो ते शोधावं.

पहिल्या दिवशी बिर्याणीनंतर, दुपारी चारच्या सुमारास चारमिनार. वर चढायचं असेल तर तिकीट खिडकी बंद व्हायच्या आत, म्हणजे साडेपाचच्या बऱ्याच आधी. १५९१मध्ये मुहम्मद कुली कुतुबशहानं हे शहर वसवलं तेव्हा चारमिनार त्याच्या केंद्रस्थानी ठेवला. वरून चार दिशांना जाणारे चार रस्ते सरळ दिसतात आणि शहराचा नकाशा आपोआप समजतो. पश्चिमेचा रस्ता लाड बाजाराचा. उत्तरेचा गुलजार हौजावरून, चार कमानींच्या चौकातून पत्थरगट्टीला जातो.

इथे टोळीनं फुटावं. खरेदी करणारे आणि न करणारे यांना एकमेकांच्या गळ्यात बांधून बाजारात नेलं की दोघांचाही विरस होतो. भेटायची जागा आणि वेळ ठरवून घ्यावी. मक्का मशिदीजवळचा निमरा कॅफे त्यासाठी उत्तम. खरेदी नको असलेल्यांनी तिथे उभं राहून इराणी चहा प्यावा. या चहात पत्ती आणि दूध एकत्र उकळत नाहीत. पत्तीचा अर्क झाकलेल्या भांड्यात दमावर राहतो, दूध वेगळं आटत असतं, आणि पेल्यात दोन्ही एकत्र येतात. सोबत खारट-गोड उस्मानिया बिस्किट, सातव्या निजामाच्या, मीर उस्मान अली खानच्या, नावाचं.

लाड बाजारात शिरल्यावर आधी काही विकत न घेता शेवटपर्यंत चालत जावं. कुठेतरी कोळशाच्या शेगडीपुढे कारागीर बसलेला दिसतो, तिथे थांबावं. काठीच्या टोकाला लाखेचा गोळा धरून तो निखाऱ्यावर फिरवतो. गोळा मऊ पडला की पाट्यावर दाबत, लोळवत त्याची लांब वळी करतो. रंगीत लाखेची कांडी तापवून वळीवर घासतो, तेवढ्यानं पातळ झगझगीत थर चढतो. मग तुकडा कापून गोल वळवायचा, दोन्ही टोकं तापवून जोडायची आणि गोल ठोकळ्यावर चढवून माप पक्कं करायचं. लाख गरम असतानाच चिमट्यानं एकेक खडा दाबून बसवतात. एका बांगडीवर असे किती खडे आहेत ते मोजून पाहिलं की भाव ऐकल्यावर लगेच अर्ध्यावर यायची इच्छा होत नाही. घासाघीस इथे चालते, तीही मजेत चालते, पण हाताच्या कामाची आणि साच्यातल्या मालाची घासाघीस एकच नसावी. या बांगड्यांनाही २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

मापं आपल्या कासाराकडचीच: दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ. दोन इंच आणि वर सोळांश चार, सहा, आठ. म्हणजे दोन-आठ ही आतून अडीच इंचांची. घरच्यांसाठी घ्यायच्या असतील तर आकडा विचारून जाण्याऐवजी त्यांची एक बांगडी सोबत न्यावी. थोडी घट्ट निघाली तर बरेच दुकानदार लाख तापवून सैल करून देतात, तेव्हा घालून बघूनच उठावं.

मोत्यांसाठी पत्थरगट्टी. हैदराबादला समुद्र नाही, तरी निजामांच्या काळापासून आखातातले, बसऱ्याचे मोती इथे येत राहिले आणि ते निवडणारे, भोक पाडणारे, ओवणारे कारागीर इथे घडले. आता येणारे बहुतेक मोती गोड्या पाण्यात वाढवलेले, चीनमधले असतात. तेही खरेच मोती. दुकानदारानं तसं सांगितलं तर बिचकू नये, उलट त्याच्याकडेच घ्यावेत. दोन मोती एकमेकांवर हलकेच घासले तर खऱ्यांना किंचित खरखर लागते, प्लास्टिकचे गुळगुळीत सरकतात. भोकाच्या कडेला रंगाचा पापुद्रा सुटलेला दिसला तर तो मोती खाली ठेवावा. माळेत दर दोन मोत्यांमध्ये गाठ आहे का पाहावं. गाठ असली की दोरा तुटला तरी एकच मोती निसटतो. पावती मागून घ्यावी.

शुक्रवारी नदीच्या उत्तरेला ठरलंच आहे. मोअज्जम जाही मार्केटच्या दगडी कमानीत हातानं घुसळलेलं आइस्क्रीम मिळतं. हंगाम असेल तर सीताफळाचंच घ्यावं. सुलतान बाजारात नारायणपेठ साड्या पाहाव्यात. महाराष्ट्रातल्या कपाटांत पिढ्यान्‌पिढ्या असलेली ही साडी तेलंगणातल्या ज्या गावची, ते इथून फार लांब नाही. पोचमपल्लीची इक्कतही तिथेच मिळते. रविवार हाताशी असेल तर आबिड्सच्या पदपथावर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो, तिथे वाचणाऱ्यांना दोन तास मोकळं सोडावं.

पैशांचं एकच सांगते. रिक्षा, तिकिटं, चहा यांसाठी पहिल्याच दिवशी सगळ्यांनी सारखी वर्गणी काढून एकाकडे द्यावी आणि रोज रात्री खर्च मोठ्यानं वाचावा. खरेदी ज्याची त्याच्या पाकिटातून. शाकाहाऱ्यांचं ताट स्वस्त पडतं, म्हणून जेवणाचा हिशेब मात्र वेगळा ठेवला तर कुणाच्या मनात काही राहत नाही.

परतताना लाखेच्या बांगड्या सुती कापडात गुंडाळून कडक डब्यात ठेवाव्यात आणि डबा हातातल्या पिशवीत ठेवावा. बंद गाडीच्या काचेमागे, उन्हात, त्या नरम पडून वाकतात. बिस्किटं निघायच्या दिवशीच घ्यावीत आणि खोके घेताना भाजल्याची तारीख पाहावी.