सुटलेला अभ्यास पुन्हा हाती घेताना

विद्येचा धागा एकदा तुटला की तो पुन्हा जुळत नाही, अशी एक समजूत आपल्या भागात घर करून बसली आहे. आमच्या बाजारकुणंगसारख्या रानातल्या गावांतून पदवीपर्यंत पोहोचणारी मुले थोडी. त्यांतही कोणी बी.एस्सी. होऊन नोकरीसाठी दांडेलीस वा गोव्यास जातो, कोणी मुलगी लग्न होऊन सासरी जाते. चार-पाच वर्षांनी पदार्थविज्ञानाचा पदव्युत्तर अभ्यास करण्याची इच्छा डोके वर काढते, परंतु "आता कसले शिकणे!" असे म्हणून ती दाबली जाते. ही समजूत कितपत खरी आहे, हे येथे पाहावयाचे आहे. आम्ही स्वतः कलाशाखेचे पदवीधर. शास्त्राचे बारकावे सांगण्याचा अधिकार आमचा नव्हे. परंतु अभ्यासाची तयारी कशी करावी, हा प्रश्न शिक्षकाचाच आहे.

खंड पडला म्हणजे नेमके काय हरवते? पुष्कळदा समज हरवत नाही, हाताची सवय हरवते. लंबकाचे उदाहरण घ्या. एक मीटर लांबीच्या लंबकाला एक पूर्ण झोका घेण्यास सुमारे २ सेकंद लागतात, हे शाळेतला विद्यार्थीही जाणतो. पदवीधराने त्यामागचे समीकरण मांडलेले असते. परंतु ते समीकरण झोका लहान असतानाच लागू पडते. लंबक ६० अंशांपर्यंत ओढून सोडला, तर झोक्याचा काळ शेकडा सुमारे ७ ने वाढतो. तो का वाढतो व किती वाढतो, हे स्वतः कागदावर काढून दाखविणे, ही पदव्युत्तर अभ्यासाची पायरी होय. विषय तोच, मागणी मात्र गणिताची.

म्हणून पुनरारंभ गणितापासून करावा. कलन, सदिश आणि अवकल समीकरणे यांची जुनी उदाहरणे पहिले दोन-तीन महिने रोज सोडवावीत. मग गतिशास्त्र, विद्युत् व चुंबकत्व, उष्णतेचे शास्त्र आणि शेवटी अणूच्या अंतरंगाचे आधुनिक पदार्थविज्ञान, असा क्रम ठेवावा. पुस्तक नुसते वाचल्याने सारे समजल्याचा भास होतो. पुस्तक मिटून उदाहरण सोडवू लागले की खरी परीक्षा होते. रोजचे दोन तास रविवारच्या दहा तासांपेक्षा अधिक फळ देतात.

आपल्यापुढे आणखी एक अडचण आहे, ती भाषेची. घरी कोंकणी, शाळेत मराठी, कचेरीत कन्नड आणि शास्त्राचे ग्रंथ इंग्रजीत! यावर उपाय एकच. एक वही करावी. तीत प्रत्येक इंग्रजी संज्ञेपुढे तिचा अर्थ आपल्या भाषेत, आपल्या शब्दांत लिहावा. जो अर्थ स्वभाषेत लिहिता येत नाही, तो अजून समजलेला नाही, असे खुशाल मानावे.

या वाटेने थोर माणसेही गेली आहेत. मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस हे १९१५ साली एम.एस्सी. झाले, ते मिश्र गणित घेऊन. पुढे कलकत्ता विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकविण्याचे काम त्यांच्याकडे आले, तेव्हा ते त्यांनी स्वतःच अभ्यासून आत्मसात केले; नवे ग्रंथ जर्मन भाषेत होते, म्हणून ती भाषाही ते शिकले. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९०७ पासून १९१७ पर्यंत सरकारच्या हिशेबखात्यात नोकरी केली. मध्यंतरी रंगून व नागपूर येथे त्यांच्या बदल्या झाल्या. कलकत्त्यास असताना ते कचेरीच्या आधी व नंतर प्रयोगशाळेत काम करीत. दहा वर्षे त्यांनी धागा बारीक होऊ दिला, पण तुटू दिला नाही. १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सर्वांनाच असे यश लाभत नाही, हे खरे; परंतु नोकरी आणि विद्या यांचे वैर नाही, एवढे यातून निश्चित दिसते.

दारेही बंद नाहीत. भारतीय तंत्रज्ञान संस्थांतील एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी 'जॅम' नावाची परीक्षा दरवर्षी होते. ती तीन तासांची व १०० गुणांची असून तिला वयाची अट नाही. तिची जुनी प्रश्नपत्रिका तयारीच्या आरंभीच सोडवून पाहावी. गुण कमी पडले तरी कोठे उणे आहे ते कळते. संसारामुळे शास्त्राध्ययन सुटलेल्या स्त्रियांनी ते पुन्हा हाती घ्यावे, म्हणून केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ साली स्वतंत्र योजना सुरू केली. खंड हा अपराध नव्हे, हे शासनानेही मानले, असाच याचा अर्थ.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कित्येकांना परिस्थितीमुळे शिक्षण मध्येच थांबवावे लागेल. तसे झाले तर पुस्तके रद्दीत घालू नका, उदाहरणांच्या वह्या जपून ठेवा. आणि तुमच्या घरातील थोरला भाऊ किंवा वहिनी जुने पुस्तक उघडून बसलेली दिसली, तर हसू नका. दिव्याजवळची जागा त्यांना द्या.