दुधातले विकर आणि रक्तातली साय

कच्च्या दुधाची किटली सायकलला अडकवून कोणी सालवडहून बोईसरला निघाला आणि वाटभर ती हिंदकळत राहिली, तर कधी कधी ते दूध फाटत नाही, पण त्याला खवट वास लागतो. घरात म्हणतात, म्हशीने काहीबाही खाल्ले असेल. बऱ्याचदा तसे नसते. दुधातल्या स्निग्धाचे बारीक कण पातळ आवरणात असतात. दूध फार घुसळले की आवरण फाटते, आणि दुधातलेच एक विकर त्या स्निग्धावर तुटून पडते. विकर म्हणजे शरीरातली रासायनिक कामे झपाट्याने उरकणारे प्रथिन. चरबी फोडणाऱ्या विकराला लायपेज म्हणतात. दूध उकळले की ते निकामी होते. तेव्हा दूध आले की लगेच तापवायचे, हा आपल्या घरांतला शिरस्ता शास्त्राला धरूनच आहे.

गंमत अशी, की हे लायपेज दुधासाठी बनलेलेच नाही. जनावराच्या कासेत रक्तातला स्निग्धांश ओढून घेणे हे त्याचे काम. त्यातले थोडे दुधात पाझरते, इतकेच. तेच लायपेज तुमच्या-आमच्या रक्तवाहिन्यांतही आहे. जेवणातले तूप-तेल आतड्यात स्वादुपिंडाचे लायपेज फोडते. आतड्याच्या भिंतीत त्याची पुन्हा जुळणी होऊन ते बारीक कणांच्या रूपाने रक्तात उतरते. तिथे केसाहून बारीक वाहिन्यांच्या भिंतीला, खुंटीला टांगावे तसे, हे दुसरे लायपेज बसलेले असते. वाहत आलेला कण ते फोडते. मग स्नायूंना इंधन मिळते, उरलेले चरबीच्या साठ्यात जाते.

ही दोन लायपेजे एकाच घराण्यातली. यकृतातले तिसरेही त्यांच्याच भाऊबंदकीतले. माणसात त्यांची जनुके अनुक्रमे 10, 8 आणि 15 क्रमांकाच्या गुणसूत्रांवर आहेत. पण मूळ जनुक एकच, त्याच्या नकला होत गेल्या. म्हणून घडणही सारखी. प्रत्येकात एक खोबण, खोबणीत सेरीन, हिस्टिडीन व अॅस्पार्टिक आम्ल हे तीन कारागीर, आणि वर एक झाकण. स्वादुपिंडाच्या लायपेजचा आकार 1990 साली उलगडला. रक्तवाहिनीतले फार नाजूक, पटकन विस्कटणारे. त्याचा आकार दिसायला 2019 साल उजाडले.

हे दुसरे लायपेज म्हणजे 448 दुव्यांची साखळी. त्यातला 188 वा दुवा बदलला, ग्लायसिनच्या जागी ग्लुटामिक आम्ल आले, की सगळे विकर निकामी! हा नेमका दोष अनेक देशांतल्या कुटुंबांत सापडला आहे, भारतीय वंशाच्याही. आईकडून एक, बापाकडून एक, अशा दोन्ही प्रती सदोष असतील तरच हा आजार होतो. एकच प्रत सदोष असलेल्या माणसाला सहसा त्याचा पत्ताही नसतो. आपल्याकडे मामेबहिणीशी लग्न लावायची चाल आहे. एका आजीची सदोष प्रत अशा जोडप्यात दोघांकडेही आलेली असू शकते. मग प्रत्येक मुलाला चारात एक धोका. शिक्षकमंडळींनी हे नीट फोड करून सांगावे: पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन सुटली, असा याचा अर्थ नव्हे, दर खेपेला हिशेब नव्याने.

हा आजार फार विरळा, दहा लाखांत एखादा. पण तो ओळखला नाही तर स्वादुपिंडाला सूज येते, आणि ती जिवावर बेतते. अंगावरचे मूल पोटदुखीने कळवळते, अंगावर पिवळसर पुटकुळ्या येतात. सुईने काढलेले रक्त गुलाबी, दुधट दिसते; नळी रात्रभर थंडीत ठेवली तर वर सायीचा थर धरतो. असे दिसले तर दृष्ट काढत बसू नये, मुलाला मोठ्या इस्पितळात न्यावे. मुख्य उपाय आहारातलाच आहे: स्निग्ध पदार्थ अगदी मोजून. मोठ्या माणसालाही दिवसाला साधारण 20 ग्रॅमच्या आत, म्हणजे तूप, तेल, दूध सगळे धरून चारएक चमचे. तान्ह्याचे दूध कोणते आणि किती, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवायचे. घरच्या घरी अंगावरचे दूध तोडू नये.