मोहोर कोणाच्या रक्षणाची?

हवाना चिरुटाच्या अस्सल पेटीवर क्यूबाच्या शासनाची हमीमुद्रा असते. ही प्रथा शतकाहून जुनी आहे. उत्कृष्ट पान पिनार देल रिओ प्रांतातले, चिरूट वळणारे कामगार क्यूबाचे आणि निर्यात १९९४ साली स्थापन झालेल्या ‘हाबानोस’ या एकाच कंपनीकडे, अशी ही चिरेबंदी व्यवस्था. तरीही बनावट हवाना चिरुटांचा धंदा जगभर चालतो. हलक्या पानाला नामांकित वेष्टन आणि खोटी मुद्रा लाभली की त्याचे मोल एका क्षणात अनेक पटींनी वाढते.

यात अर्थशास्त्राचा साधा नियम आहे. नक्कल मालाची होत नाही, नावाची होते. १९६२ साली अमेरिकेने क्यूबाच्या मालाला आपली बाजारपेठ बंद केली. त्यामुळे त्या नावाचा दुर्मिळपणा वाढला आणि भामट्यांचे फावले. किंबहुना बनावट मालाचा सुळसुळाट ही अस्सल नावाला मोल असल्याचीच एक साक्ष होय.

आता दृष्टी सातारा-सांगलीकडे वळवावी. उसाने कृष्णा-वारणेचे काठ व्यापण्यापूर्वी या मुलखात तंबाखू हे मोलाचे नगदी पीक होते. परंतु येथील पानाच्या नावाची नक्कल करण्याचे कोणाच्या मनात आले नाही. कारण उघड आहे. पान एकदा वखारीत शिरले की त्याचे गाव पुसले जाई. विडीच्या बंडलावर कारखानदाराची छाप असते; ते पान कोणत्या शिवारात पिकले हे त्यावर लिहिलेले नसते.

म्हणजे येथे नियंत्रण नव्हते काय? नियंत्रण तर कडक होते. १९४३ साली तंबाखूवर अबकारी कर बसला. त्यानंतर शेतकऱ्याने लागवडीची माहिती सरकारला द्यावी, माल हलवण्यापूर्वी परवाना घ्यावा, व्यापाऱ्याने वखारीचा हिशेब ठेवावा, अशी नियमांची साखळी तयार झाली. कच्च्या तंबाखूवरील हा कर १९७९ च्या अर्थसंकल्पाने उठवला. तोवर छत्तीस वर्षे सरकारी नजर पानावर होती. पण ती महसुलासाठी. वजन न्याय्य होते काय, प्रत कोणी ठरवली, पैसे केव्हा मिळाले, हे प्रश्न त्या नजरेच्या टप्प्यात नव्हते. तिजोरीला पहारेकरी मिळाला, शेतकऱ्याला मिळाला नाही.

या उपेक्षेचा स्फोट १९८१ साली सीमाभागातील निपाणीत झाला. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडले. मागणी होती रास्त भावाची. एप्रिलमध्ये पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात शेतकऱ्यांचे बळी गेले. व्हर्जिनिया तंबाखूसाठी १९७५ च्या कायद्याने मंडळ निर्माण झाले होते. विडीच्या तंबाखूला त्याचे छत्र नव्हते.

पुढे नियंत्रणाचा हेतू बदलला. २००३ च्या कायद्याने जाहिराती व विक्रीवर निर्बंध आणले, २०१२ साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली. तंबाखूने होणारे रोग आणि मृत्यू पाहता हे योग्यच होते. पण आधी महसूल व नंतर आरोग्य, या दोन्ही पर्वांत पान पिकवणाऱ्याचा विचार शेवटीच राहिला. जे पीक कमी व्हावे असे समाजाला वाटते, त्यापासून दूर जाण्याची वाट शेतकऱ्यासाठी बांधून देणे हेही नियंत्रणाचेच अंग आहे.

ती वाट याच मातीत दिसते. साताऱ्याच्या महाबळेश्वरी स्ट्रॉबेरीला २०१० साली आणि सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. सांगलीच्या बाजारात हळदीचा उघड सौदा होतो. येथे गावाचे नाव मालाबरोबर प्रवास करू लागले आहे. अर्थात, नाव मोठे होताच नक्कल येणार, हा हवानाचा धडा विसरून चालणार नाही. मानांकनाचा कागद भिंतीवर टांगून भागत नाही. परगावची हळद ‘सांगली’ म्हणून विकणाऱ्याला पकडणारी यंत्रणा हवी, आणि नावामुळे मिळणारा वाढीव पैसा पिकवणाऱ्याच्या पदरात पडायला हवा. अन्यथा मोहोर बदलेल, पण तिजोरी मात्र तीच राहील.