पहिल्यांदाच पायी वारीला निघालात? खांद्यावर काय घ्यायचं, ट्रकात काय टाकायचं

परभणी : मृगाचा पाऊस पडून कापूस-सोयाबीनची पेरणी उरकली, की जिल्ह्यातल्या गावागावांत पारावर एकच विषय निघतो, यंदा दिंडीत कोण कोण? शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी परभणी, दैठणा, गंगाखेड करत परळीकडे जाते. संत जनाबाईंचं गाव असलेल्या गंगाखेडहूनही पालखी पंढरपूरला निघते. यात दरवर्षी काही चेहरे नवे असतात. कुणी नवस फेडायला, कुणी वडिलांची वारी पुढं चालवायला, तर कुणी नुसतं बघायला म्हणून निघतं.

नवा वारकरी लांबूनही ओळखू येतो. मुरलेल्या माणसाच्या खांद्याला एक पडशी आणि गळ्यात टाळ असतो. नव्या माणसाकडं घरच्यांनी मायेनं भरून दिलेली दोन बोचकी असतात. गंगाखेडपासून पंढरपूर रस्त्यानं शेकडो किलोमीटर. रोजची चाल पंधरा ते पंचवीस किलोमीटरची. बोचक्यातली प्रत्येक वस्तू घरी हलकीच वाटते, पण परळी येईपर्यंत तीच खांद्याला रुतायला लागते.

सामान एक नाही, दोन

बहुतेक दिंड्यांसोबत ट्रक किंवा टेम्पो असतो. अंथरूण-पांघरूण, कपडे, भांडीकुंडी त्यात जातात. मग खांद्यावर काहीच कशाला, असं नव्या माणसाला वाटतं आणि तो सगळंच ट्रकात टाकतो. चूक होते ती इथंच. पहाटे ट्रक पुढं निघून गेला, की मुक्कामाच्या गावापर्यंत तो हाती लागत नाही. दुपारी पाऊस आला, पायाला फोड आला, साखरेची गोळी घ्यायची वेळ झाली, तरी पिशवी वीस किलोमीटर पुढं असते. वाहतूक अडली, तर ट्रक रात्री उशिरा पोचतो. कधी तो दुसऱ्याच रानात लागतो आणि अंधारात शोधत फिरावं लागतं.

म्हणून भरताना एकच प्रश्न विचारायचा. ही वस्तू पहाटेपासून मुक्कामापर्यंत लागू शकते का? लागणार असेल तर खांद्यावर, नाही तर ट्रकात. दोन्हीकडं नको वाटली, तर ती घरी ठेवायची.

खांद्यावरचं ओझं पाण्यासकट अंगाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत असावं. साठ किलोच्या माणसानं सहा किलोच्या वर जाऊ नये, चारात भागलं तर उत्तम. डोंगर चढणारी पोरं याच्या दुप्पट नेतात, पण त्यांना तंबूपासून स्टोव्हपर्यंत सगळं पाठीवरच न्यायचं असतं. आपल्याला पंगतीत जेवायचं आहे. भरलेली पिशवी गावातल्या किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवून बघा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे त्यात धरायला विसरू नका.

पिशवी नवीन घ्यायची गरज नाही. नातवाचं जुनं दप्तर चालतं, फक्त बंद रुंद आणि शिवण पक्की हवी. एका खांद्याला लटकणारी शबनम दिसायला बरी, पण चार दिवसांत तिच्यामुळं मान धरते. जुनी पडशी त्या मानानं हुशार, एक खण पुढं आणि एक मागं, त्यामुळं भार दोन्हीकडं सारखा. जड वस्तू पाठीला चिकटून ठेवावी, पाणी आणि औषधं हाताला लगेच लागतील अशी.

पैसे खर्च करायचेच असतील तर पायांवर करा

वारीतून अर्ध्यावर परतणाऱ्यांना पायच जास्त करून परत पाठवतात. त्यातही निघायच्या आदल्या दिवशी घेतलेली कोरी चप्पल. पायताण निदान पंधरा दिवस आधी घ्यावं आणि शेताला जाता-येता घालून मऊ करावं. खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभर चालून पाय थोडे फुगलेले असतात. वारीत ते रोजच फुगणार आहेत. पुढं अंगठ्यापाशी बोटभर जागा राहिली पाहिजे.

बूट की चप्पल? पावसात बूट भिजला, की रात्रीतून वाळत नाही. सकाळी ओल्या बुटात ओला मोजा घातला, की दुपारपर्यंत फोड ठरलेला. साध्या स्लिपरमध्ये टाच सटकते आणि बोटं सारखी आवळून धरावी लागतात, त्यानं पोटऱ्या भरून येतात. डांबरी रस्त्याच्या लांब चालीला मागून पट्टा असलेली जाड तळाची सँडल बरी. स्लिपर ट्रकात टाका, मुक्कामावर कामाला येते. काळ्या रानात एका सरीत सँडलला किलोभर गारा चिकटतो, तेव्हा रस्त्याची कड सोडू नये.

पायाला कुठं जळजळ व्हायला लागली, की तिथंच थांबावं. मुक्काम आल्यावर बघू, असं म्हणू नये. मेडिकलमध्ये मिळणारी कापडी चिकटपट्टी त्या जागी लावली, तर फोड टळू शकतो. आलाच तर फोडू नये. आपोआप फुटला तर स्वच्छ पाण्यानं धुऊन, कोरडा करून पट्टी बांधावी. मांड्या घासून सोलतात, हे कुणी आधी सांगत नाही. धोतराखाली गुडघ्यापर्यंतची चड्डी घालावी आणि सकाळी निघताना खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावावं. रुपयाभराच्या तेलानं दिवस सुखाचा जातो.

साखरेचा आजार असलेल्यांनी अनवाणी चालण्याचा नवस डॉक्टरांना विचारल्याशिवाय बोलू नये. पायाची जाणीव कमी झालेली असते, त्यामुळं खडा टोचला किंवा डांबरानं भाजलं तरी कळत नाही. रोज रात्री बॅटरीच्या उजेडात तळवे आणि बोटांच्या बेचक्या तपासाव्यात. आपल्याला वाकता येत नसेल तर सोबत्याला बघायला सांगावं.

पावसाला प्लॅस्टिकचा कागद

छत्री उन्हालाही चालते, पण अंबाजोगाईच्या बालाघाटाच्या माथ्यावर वारं सुटलं, की ती उलटी होते. स्वस्तातल्या रेनकोटमध्ये आतून घामानं भिजायला होतं. वारकऱ्यांचा वर्षानुवर्षांचा उपाय म्हणजे डोक्यावरून खोळ करून घ्यायचा, दोन-अडीच मीटरचा प्लॅस्टिकचा कागद. पाऊस थांबला की झटकून घडी घालायची आणि रात्री ओल्या जमिनीवर अंथरुणाखाली घालायचा. एकाच वस्तूत दोन कामं होतात.

पिशवीच्या आतही एक जाड प्लॅस्टिकची पिशवी हवी, कपडे तिच्यात ठेवायचे. इथं एक सावधगिरी. जून महिन्यात घरोघरी सोयाबीनच्या बियाण्याच्या आणि खताच्या रिकाम्या पिशव्या पडलेल्या असतात. त्या मजबूत असतात म्हणून हात तिकडंच जातो. पण बियाण्याला औषध चोळलेलं असतं. त्या पिशवीत कपडे किंवा खाणं भरू नका.

विजा कडाडायला लागल्या तर झाडाखाली उभं राहू नये, पक्क्या इमारतीत जावं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप आसपासच्या विजेची सूचना देतं. दिंडीतल्या निदान दोघा-तिघांच्या फोनमध्ये ते असावं.

औषधाची डबी अंगावरच

बीपी, साखर, हृदय किंवा दम्याची गोळी ट्रकात टाकू नये. पूर्ण वारीच्या गोळ्या आणि वर पाच दिवसांच्या जादा घ्याव्यात. त्यातल्या चार दिवसांच्या खांद्यावरच्या पिशवीत, बाकीच्या सोबत्याकडं. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो फोनमध्ये आणि एक झेरॉक्स खिशात ठेवावी, म्हणजे अनोळखी गावातल्या डॉक्टरलाही लगेच कळतं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नये. मुक्कामावर ओलं फडकं गुंडाळलेलं मातीचं गाडगं कामाला येतं.

बाकी डबीत फार काही लागत नाही. चिकटपट्टी, कापूस, जखमेचं मलम, तापाची गोळी, ओआरएसची चार-पाच पाकिटं. पाकीट संपलं तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावं, चमचा चहाचा धरावा. मीठ अंदाजानं वाढवू नये. तब्येत बिघडली तर १०८ ला फोन केल्यावर रुग्णवाहिका येते.

ट्रकातलं बोचकं

घरची वाकळ उबदार खरी, पण भिजली की दोन दिवस वाळत नाही. सोलापुरी चादर आणि एक सतरंजी पुरते. कपड्यांचे तीन जोड बास, एक अंगावर, एक वाळत, एक कोरडा. जाड सुती नऊवारी पावसात फार जड होते. हलक्या, लवकर वाळणाऱ्या साड्या बऱ्या. पाळीचं सामान मात्र बायकांनी खांद्यावरच्या पिशवीतच ठेवावं, तारीख लांब असली तरी. चालून चालून ती मागं-पुढं होते.

सगळी बोचकी सारखीच दिसतात. वर मोठ्या अक्षरात नाव, गाव आणि दिंडीचा क्रमांक लिहावा, एका कोपऱ्याला रंगीत चिंधी बांधावी. रात्री अंधारात चिंधीच आधी सापडते. डासांचं मलम विसरू नका, आणि बॅटरी ट्रकात नको, जवळ हवी. पहाटे अंधारात रानात जाताना विंचू-सापाची भीती असते, पायात पायताण आणि हातात उजेड असल्याशिवाय जाऊ नये.

सोनं घरीच ठेवा. गर्दीत मंगळसूत्र आणि मोबाईल, दोन्हींवर नजर असते. रोकड दोन-तीन ठिकाणी विभागून ठेवावी. दहा हजार एमएएचची पावर बँक साधारण दीड वेळा फोन भरते. पण फोन हरवला तर? म्हणून घरचा, दिंडीच्या विणेकऱ्याचा आणि एका सोबत्याचा असे तीन नंबर कागदावर लिहून आतल्या खिशात ठेवावेत. म्हातारं माणूस सोबत असेल, तर हा कागद प्लॅस्टिकमध्ये घालून त्यांच्या कोपरीच्या किंवा झंपरच्या आत टाचणीनं लावावा. चुकामूक झाली, की त्यांना नंबर आठवत नाही.

आधार कार्ड जवळ हवंच. ते परतीच्या एसटीलाही लागतं. ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीत मोफत प्रवास आहे आणि ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट. बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे.

आणि ट्रकातल्या बोचक्याच्या तळाशी एक रिकामी कापडी पिशवी घडी करून टाका. चंद्रभागेवरून येताना चुरमुरे, बत्तासे, बुक्का आणि गल्लीतल्या प्रत्येक घरासाठी एकेक तुळशीची माळ घ्यावी लागते, ती ठेवायला जागा लागते.