लेखांक ९ : दोनदा दिसणारे कुलकर्णी

डोमिनोवर चालणाऱ्या कार्यालयात ‘एस. कुलकर्णी’ एवढेच लिहून पत्र पाठवले की कधी कधी नोट्सची छोटी खिडकी उघडते. तीत एकाच कुलकर्ण्यांचे नाव दोन ओळींत असते आणि त्यांतले कोणते, ते निवडायचे असते. पत्र बाहेरून आलेले असेल तर विचारायला समोर कोणी नसते. मग सर्व्हर ते परत पाठवतो आणि हा वापरकर्ता ‘नॉट युनिक’ आहे, डिरेक्टरीत अनेक जुळण्या सापडल्या, असा शेरा मारतो. या आठवड्यासाठी मेल डॉट बॉक्सचा विषय ठरला होता. पण तिथे पडून राहिलेल्या पत्रांचा माग काढताना याच दुखण्याशी गाठ पडते, म्हणून तो पुढच्या लेखांकात.

क्लस्टरमध्ये दोन सर्व्हर, म्हणून दोन नावे, असा तर्क एका वाचकाने लढवला आहे. तर्क सोपा आहे, पण क्लस्टरवर अन्याय करणारा. क्लस्टरमध्ये सहापर्यंत सर्व्हर असू शकतात आणि प्रत्येकाकडे डिरेक्टरीची, म्हणजे नेम्स डॉट एनएसएफची, रेप्लिका असते. पत्ता शोधताना सर्व्हर आपल्याच घरातली रेप्लिका उघडतो, शेजाऱ्याची नाही. तेव्हा नाव दोनदा दिसले की पहिला प्रश्न असा, की डॉक्युमेंटे खरोखर दोन आहेत की एकच डॉक्युमेंट दोन वाटांनी दिसते आहे? दोन्ही नोंदींचे गुणधर्म उघडून युनिव्हर्सल आयडी ताडून पाहावा. तो ३२ अक्षरांचा असतो आणि सगळ्या रेप्लिकांमध्ये सारखाच राहतो. दोन्हीकडे तोच आला तर डॉक्युमेंट एकच, आणि घोळ शोधण्याच्या वाटेत.

ही वाट बहुतेक वेळा डिरेक्टरी असिस्टन्समधून जाते. मुख्य डिरेक्टरीखेरीज आणखी कुठे शोधायचे, हे त्या डेटाबेसमधल्या डॉक्युमेंटांत लिहिलेले असते. एखाद्या काळजीवाहू प्रशासकाला वाटते, दुय्यम डिरेक्टरीचा एक सर्व्हर पडला तर दुसरा हाताशी हवा. म्हणून तो दुसऱ्या सर्व्हरवरच्या रेप्लिकेसाठी वेगळे डॉक्युमेंट करतो. प्रत्येक डॉक्युमेंटात डोमेनचे नाव निराळे असावे लागते, मग जुन्या नावापुढे ‘२’ लावून वेळ मारून नेली जाते. सर्व्हरच्या दृष्टीने मात्र या आता दोन वेगळ्या डिरेक्टऱ्या झाल्या, आणि तो इमानेइतबारे दोन्हींत शोधतो. खिडकीतल्या नावांच्या शेपटाला वेगवेगळी डोमेने दिसली तर संशयाला जागाच उरत नाही. डॉक्युमेंट एकच ठेवून त्यातल्या रेप्लिकांच्या यादीत दोन्ही सर्व्हर लिहिले की पडझडीची सोय होते आणि नावही एकदाच येते. मुख्य डिरेक्टरीचीच रेप्लिका बनावट डोमेन-नावाने डिरेक्टरी असिस्टन्समध्ये घुसवली तरी नाव दोनदा येते. कन्सोलवर ‘शो एक्सडिर’ ही आज्ञा दिली की सर्व्हर कोणकोणत्या डिरेक्टऱ्या वापरतो ते समोर येते. अर्धी प्रकरणे त्या यादीकडे पाहूनच उलगडावीत.

एकाच माणसाला नाव दोनदा दिसते आणि शेजारच्या टेबलावर सगळे ठीक असते, तेव्हा सर्व्हर सोडून त्याचा संगणक पाहावा. त्याच्या खासगी ॲड्रेस बुकात कुलकर्णी असतात आणि लोकेशन डॉक्युमेंटात सगळी ॲड्रेस बुके धुंडाळण्याचा पर्याय निवडलेला असतो.

आयडी वेगळे निघाले तर डॉक्युमेंटे खरेच दोन. इथे नोट्सचा मूळ स्वभाव आडवा येतो. १९८९ साली बाजारात आलेल्या या प्रणालीत कोणतीही रेप्लिका थोरली नाही. कुठेही बदल करा, तो सगळीकडे पोचतो. क्लस्टर रेप्लिकेटर बदल लगोलग पुढे ढकलतो, म्हणून एरवी टक्कर क्वचितच होते. पण एक सर्व्हर बंद पडला किंवा दोघांमधला दुवा तुटला की तेच डॉक्युमेंट दोन्हीकडे बदलायला पुरेसा वेळ मिळतो. जे जास्त वेळा बदलले गेले ते जिंकते; बरोबरी झाली तर शेवटी जतन केलेले. हरलेले डॉक्युमेंट ‘रेप्लिकेशन ऑर सेव्ह कॉन्फ्लिक्ट’ या शिक्क्यासह जिंकलेल्याच्या खाली लटकते. त्यातला हवा तो मजकूर वरच्यात उतरवून खालचे खोडावे. हरलेलेच बरोबर आहे म्हणून ते उघडून जतन करणे हा मात्र सापळा आहे. त्याने ते स्वतंत्र मुख्य डॉक्युमेंट बनते, शिक्का जातो आणि दोन समान कुलकर्णी उरतात. खोडाखोड एकाच सर्व्हरवर करावी, बाकीचे काम रेप्लिकेशन करते.

शिक्का नसलेली जोडीही सापडते, आणि तिची गोष्ट भुताखेतांची वाटावी अशी आहे. खोडलेल्या डॉक्युमेंटामागे एक खूण उरते, तिला डिलीशन स्टब म्हणतात. ‘हे खोडले आहे’ हा निरोप तीच इतर रेप्लिकांना पोचवते. ठरावीक काळाने, सहसा ९० दिवसांच्या हिशेबाने, या खुणाही झाडून टाकल्या जातात. समजा कुलकर्ण्यांची जुनी नोंद खोडून नवी केली आणि शाखेतला एक सर्व्हर चार महिने बंद होता. तो सुरू होतो, त्याच्याकडे जुनी नोंद असते, ती खोडल्याची खूण मात्र कुणाकडेच उरलेली नसते. साहजिकच जुने कुलकर्णी सगळ्या क्लस्टरमध्ये परततात. इतका काळ बंद असलेल्या सर्व्हरवरची डिरेक्टरी जोडण्याआधी काढून टाकावी आणि नवी रेप्लिका करावी. डोमिनो ८.५.३ पासून अशा शिळ्या डॉक्युमेंटांना अडवण्याची सोय आहे, पण ती आपण सुरू करावी लागते.

कधी कधी माणसेही खरोखर दोन असतात. बाहेरून आलेला पूर्ण पत्ता जुळला नाही तर ‘फुलनेम देन लोकल पार्ट’ या पर्यायामुळे सर्व्हर ॲट-चिन्हाआधीचा तुकडा घेऊन पुन्हा शोधतो. दोन शाखांतल्या दोघांचे लघुनाव एकच असले की पत्र परत जाते. कॉन्फिगरेशन डॉक्युमेंटात ‘फुलनेम ओन्ली’ निवडले की हा प्रकार थांबतो. मात्र त्याआधी प्रत्येकाच्या पर्सन डॉक्युमेंटात इंटरनेट पत्ता भरलेला आहे ना, ते तपासून घ्यावे. रकाना रिकामा असेल तर त्या माणसाची बाहेरून येणारी पत्रे दुसऱ्याच कारणाने परत जाऊ लागतात.