विंचू कोणाच्या हाताने?

४ डिसेंबर २०११ रोजी रोम येथे इटलीच्या श्रममंत्री एल्सा फोर्नेरो निवृत्तिवेतनाची नवी योजना वार्ताहरांपुढे मांडत असता, 'त्याग' या शब्दापाशी त्यांचा कंठ दाटून आला व वाक्य अपुरेच राहिले. त्या अश्रूंची जगभर चर्चा झाली. त्यांमागील पत्राचा विचार मात्र त्या मानाने थोडाच झाला.

युरोपीय मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष त्रिशे व त्यांचे नियोजित उत्तराधिकारी द्रागी यांनी ५ ऑगस्ट २०११ रोजी ते पत्र इटलीच्या पंतप्रधानांस गुप्तपणे धाडले होते. निवृत्तिवेतनाच्या अटी कडक करा, खाजगी नोकरीतील स्त्रियांचे निवृत्तीचे वय त्वरेने वाढवा, असे त्यात सुचविले होते. तीनच दिवसांनी बँकेने इटलीचे कर्जरोखे खरेदी करण्यास प्रारंभ केला. वस्तुतः युरोपीय करारान्वये सामाजिक सुरक्षेची मूलतत्त्वे ठरविण्याचा अधिकार ज्या त्या राष्ट्राचाच आहे. परंतु १९९२ च्या मास्ट्रिख्ट कराराने तुटीस राष्ट्रीय उत्पन्नाच्या ३ टक्क्यांची व कर्जास ६० टक्क्यांची मर्यादा घातली. तिजोरीची किल्ली ज्याच्या कमरेला, त्याचाच शब्द स्वयंपाकघरातही चालतो, हे एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकांस सांगावयास नको.

या सुधारणेची झळ प्रथम कोणास लागली? लवकरच निवृत्तिवेतन मिळेल या भरवशावर ज्यांनी मालकाशी करार करून नोकरी सोडली होती, त्यांस. वयाची अट एकाएकी पुढे सरकली आणि हाती ना वेतन, ना निवृत्तिवेतन, अशा अवस्थेत ते सापडले.

तथापि सारा दोष युरोपच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. इटलीचे कर्ज तेव्हा राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १२० टक्के होते व ते इटलीच्याच सरकारांनी केलेले होते. शिवाय सरकारी नोकरीत स्त्रीपुरुषांच्या निवृत्तिवयात भेद करणे समान वेतनाच्या तत्त्वाशी विसंगत आहे, असा निर्णय युरोपीय न्यायालयाने २००८ मध्ये दिला, तो आम्हांस तत्त्वतः योग्यच वाटतो.

आमचा आक्षेप आहे तो दुसऱ्याच्या हाताने विंचू मारण्याच्या वृत्तीस. अप्रिय परंतु आवश्यक निर्णय वर्षानुवर्षे टाळावयाचे, आणि अखेर 'बाहेरून आज्ञा आली' म्हणून एका रात्रीत ते प्रजेवर लादावयाचे, यात सुधारणेचीही हानी आहे व लोकशाहीचीही. मतदार आपल्या मंत्र्यास पदच्युत करू शकतो. फ्रँकफर्टच्या बँकेस तो काय करणार? २०१५ मध्ये इटलीच्या घटना न्यायालयाने निवृत्तिवेतनातील महागाईवाढ गोठविणारे कलम रद्द केले, आणि २०१८ च्या निवडणुकीनंतर, हा कायदा मोडण्याचे आश्वासन देणारेच सत्तेवर आले, यात नवल ते कोणते?

राष्ट्रांनी एकत्र यावे, हे आम्हांस मान्यच आहे. परंतु म्हाताऱ्याच्या ताटातील भाकरी कमी करावयाची असेल, तर ती का व किती, हे त्याच्या समोर बसून, त्याच्याच भाषेत आणि वेळीच सांगितले पाहिजे. अश्रूंनी ते काम होत नाही.